यात काय आहे?

माझ्या भाचीचा मुलगा सात वर्षांचा आहे. पुढ्यात कुठलाही खाऊ आला की तो आधी विचारतो, ‘‘यात काय आहे?’’ हा प्रश्न आम्हीच त्याला शिकवला. वर्षाचा व्हायच्या आतच त्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी असल्याचं निदान झालं. पेढा, बर्फी, श्रीखंड, बासुंदी त्याच्यासाठी बंद झालीच, पण तुपामुळे बेसनाचा लाडूही बंद झाला. दुधातली साखर न पचणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. साखर पचली नाही तर पोट बिघडतं. ॲलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं, आणि त्याला चमचाभर दूधही पुरतं.

त्याच्या चौथ्या वाढदिवसाला आम्ही एका दुकानातून ‘एगलेस’ चॉकलेट केक आणला. अंडं नाही म्हणजे केक निर्धोक, असं कसं कोण जाणे, सगळ्यांच्याच डोक्यात बसलं होतं. अर्ध्या तासात त्याच्या ओठांभोवती गांधी उठल्या, पापण्या सुजल्या. रात्री दवाखान्यातून परत आलो तेव्हा टेबलावर तो केक तसाच होता. खोक्यावर बारीक अक्षरात दुधाच्या पावडरीचा उल्लेख होता, आणि तो आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता.

यंदा संपादकांनी ‘घरचं गोड’ हा विषय दिला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. दुधाशिवायचं, घरी होणारं, अंगाला मानवेल असं चॉकलेटचं गोड करायचं आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर थेट मुळापासून द्यायचं, असं ठरवलं. मूळ शोधायचं तर झाडापासून सुरुवात करायला हवी. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर असताना, दक्षिण कन्नड जिल्ह्यात गेले.

खोडाला लगडलेलं फळ

बेळतंगडी तालुक्यातलं मुंडाजे हे पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणाऱ्या चित्पावन कुटुंबांचं गाव. घरात चित्पावनी, बागेत कामाच्या माणसांशी तुळू, बाजारात कन्नड आणि माझ्याशी जरा जपून बोललेलं मराठी. मी ज्यांच्याकडे उतरले त्या काका-काकूंच्या तोंडी या चारही भाषा एका दिवसात येतात. घराच्या मागच्या उतारावर सुपारीची बाग आहे आणि सुपारीच्या सावलीत कोको.

कोकोला ऊन हवं, पण गाळून आलेलं. सुपारीच्या झावळ्यांतून उतरणारा कवडसा त्याला मानवतो. मोकळं सोडलं तर झाड उंच जातं. म्हणून छाटून छाटून ते छत्रीसारखं, हात पोचेल इतकंच ठेवतात. मला नवल वाटलं ते फळांचं. फांदीच्या टोकाला नव्हे, तर थेट खोडाला आणि जाड फांद्यांना ती चिकटलेली असतात, आपल्या फणसासारखी. फूल नखाएवढं, फिकट गुलाबी-पांढरं. बागेतल्या कुजक्या पाल्यात वाढणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं त्याचं परागीकरण करतात. झाडाला फुलं हजारोंनी येतात, फळं धरतात ती अगदी थोडी. त्यामुळे काका बागेतला पालापाचोळा झाडून काढू देत नाहीत. ‘‘झाडलोट अंगणात करायची,’’ ते म्हणाले, ‘‘बागेत केली तर फळ कोण देणार?’’

फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. पिवळं पडलं की काढायचं. मी खिशातली सुरी काढली तशी काकूंनी माझा हात धरला. ‘‘सुरीनं नाही हो फोडायचं. बी कापली गेली की तिला बुरशी धरते.’’ त्यांनी फळ दगडावर आपटलं. जाड साल आडवी तडकली आणि आतून पांढऱ्या, बुळबुळीत गरात लपेटलेल्या बियांचा गच्च झुबका बाहेर आला. एका फळात अशा तीस-चाळीस बिया निघतात. गर चाखून पाहिला. आंबट-गोड, थोडा लिचीसारखा. बी चावली तर तुरट, कडू आणि आतून जांभळी. चॉकलेटचा मागमूसही नाही.

टोपलीतली ऊब

चॉकलेटचा वास झाडावर नसतो, तो टोपलीत येतो. बिया गरासकट केळीच्या पानांनी मढवलेल्या टोपलीत भरतात, वरून पानं आणि पोतं झाकतात. पहिल्या दिवशी यीस्ट गरातल्या साखरेचं मद्य करतं, गर वितळून खालून पाझरतो. मग हवा शिरते, मद्याचं ॲसेटिक आम्ल होतं आणि ढीग तापायला लागतो. तापमान पंचेचाळीस ते पन्नास अंशांपर्यंत चढतं. काकूंनी चौथ्या दिवशीच्या टोपलीत मला हात घालायला लावला. न्हाणीघरातलं पाणी हाताला लागावं तितकी ऊब होती, आणि वास सरळ शिरक्याचा. या उबेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो, आतल्या पेशी फुटतात, जांभळा रंग तपकिरी होऊ लागतो आणि पुढे भाजताना ज्यातून चॉकलेटचा वास उठतो तो कच्चा माल तयार होतो. आंबवणं चुकलं तर पुढे कितीही साखर ओता, चव तुरटच राहते.

पाच-सहा दिवस आंबवणं, मधे दोनदा वरखाली करणं, मग उन्हात वाळवणं. तीन किलो ओल्या बियांतून साधारण एक किलो सुक्या बिया हाती येतात. बरेच बागायतदार ही उस्तवार करत नाहीत, ओल्या बियाच विकतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे ‘कॅम्पको’, म्हणजे सुपारी आणि कोको उत्पादकांची १९७३ साली मंगळूरला उभी राहिलेली सहकारी संस्था. १९८० च्या आसपास कोकोचे भाव कोसळले, खासगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला, लोक झाडं तोडायला निघाले. तेव्हा कॅम्पको खरेदीला उतरली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला.

‘‘तेव्हा आमच्या वडिलांनीही झाडं काढायला माणसं सांगितली होती,’’ काका म्हणाले. झाडं राहिली. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक बसलं. जगातला निम्म्याहून अधिक कोको त्या दोन देशांतून येतो. जागतिक बाजारात भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा सुपारीच्या सावलीतल्या या दुय्यम पिकाकडे अख्ख्या गावाचं लक्ष गेलं. भाव काही कायमचा तिथे राहत नाही. काकांना त्याची चिंता वाटली नाही. ‘‘सुपारी आहे, नारळ आहे, मिरी आहे. कोको पाहुणा. पाहुण्यावर घर चालवत नाहीत, पण त्याला उपाशीही ठेवत नाहीत.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी घरच्या सुक्या बिया लोखंडी कढईत मंद आचेवर भाजल्या. दहा-पंधरा मिनिटांनी टरफलं तडतडायला लागली, आणि ज्या वासाची मी तीन दिवस वाट पाहत होते तो स्वयंपाकघरभर पसरला. बिया हाताने चुरून त्यांनी सुपात घेतल्या आणि पाखडायला लागल्या. टरफल पुढे उडालं, काळसर डाळ मागे राहिली. मोठमोठ्या कारखान्यांत यंत्राने चालतं ते हेच काम, सुपातलं. नंतर ती डाळ इडली-डोशाच्या ग्राइंडरमध्ये गेली. परदेशातले छोटे चॉकलेट कारागीरही हेच दक्षिण भारतीय दगडी ग्राइंडर वापरतात. कारण चॉकलेटला हवं असतं ते तासन्‌तास न थकता, दगडावर दगड घासून वाटणं. बीचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्धांशाचा, म्हणून वाटताना ती कोरडी राहत नाही. आधी भरड, मग ओलसर गोळा, मग वाहती काळी पेस्ट. त्यात पाण्याचा थेंब नाही की दुधाचा.

दूध आलं फार उशिरा

चॉकलेट म्हणजे दूध हे समीकरण आपल्या मनात इतकं पक्कं आहे की दुधाविना चॉकलेट म्हटलं की काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. खरी गोष्ट उलटी आहे. ज्या मेक्सिको-ग्वाटेमालाच्या भूमीत कोको हजारो वर्षं प्यायला गेला, तिथे गाय नव्हतीच. ती स्पॅनिश लोकांबरोबर गेली. वाटलेला कोको पाण्यात कालवायचा, त्यात मिरची किंवा सुगंधी फुलं घालायची, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणायचा, अशी ती रीत. मक्याच्या पिठात कोको शिजवलेली घट्ट पेज तिथे आजही पितात, तिला चांपुर्रादो म्हणतात. धान्याच्या पिठात शिजलेला कोको. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नाचणीची आंबील आली.

१८२८ मध्ये हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांनी बियांतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आपली कोको पावडर. दूध घातलेलं चॉकलेट त्याच्याही नंतरचं. ते स्वित्झर्लंडमध्ये दानियेल पेटर यांनी १८७५ च्या सुमारास बनवलं. कोकोच्या लांबलचक आयुष्यात दुधाची सोबत जेमतेम दीडशे वर्षांची. माझ्या भाचीच्या लेकाला जे बाधतं ते चॉकलेट नव्हेच, हे कळल्यावर मला फार मोकळं वाटलं.

तिझन, मण्णी, हालबाई

दुधाशिवाय गोड कसं करायचं हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला कधी पडलाच नाही. वाटपापासून पक्वान्नापर्यंत इथे नारळ आहे. शिरवाळ्यांबरोबरचा रस नारळाचा, पातोळ्यांचं सारण नारळ-गुळाचं, गोव्यातलं दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ आटवून केलेलं. यातल्या एकाही पदार्थाला आपण कधी ‘वनस्पतीजन्य’ असं लेबल लावलं नाही. घरात जे होतं त्यातून ते झाले.

काकूंच्या घरी त्या दिवशी मण्णी होती. नाचणी भिजवून वाटायची, गाळायची, नारळाचा रस आणि गूळ घालून आटवायची, ताटात थापून वड्या पाडायच्या. घाटावर मलनाडात याच जातीच्या गोडाला हालबाई म्हणतात. गोव्यात नाचणीचं पातळसर, वाटीतून खायचं तिझन करतात. तीन नावं, तीन घट्टपणा, जिन्नस तेच. मी काकूंना भीतभीतच विचारलं, ‘‘यात कोको घातला तर?’’ त्या क्षणभर थांबल्या. ‘‘नाचणी काळी, गूळ काळा, कोको काळा. भांडायचं कारण नाही,’’ म्हणाल्या आणि दुसरी कढई चढवली.

कढईपाशी

त्या दिवशी झालेली मण्णी पुण्यात येऊन मी चार वेळा केली. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा रस फाटला, तिसऱ्यांदा वड्या रबरासारख्या झाल्या. चौथ्यांदा जमलं, ते असं.

एका मध्यम नारळाचं खोबरं खवून थोड्या कोमट पाण्यात वाटायचं आणि पिळून घट्ट रस काढायचा, साधारण एक वाटी. तो बाजूला ठेवायचा. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस अडीच वाट्या काढायचा. या पातळ रसात ७५ ग्रॅम नाचणीचं पीठ गार असतानाच कालवायचं. गरम रसात पीठ टाकलं की वरचा पापुद्रा शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळी होते. ती मग कितीही ढवळा, मोडत नाही.

दुसरीकडे २५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर उकळत्या पाण्यात घोटायची, अगदी पेढ्याच्या पिठासारखी घट्ट. कोको गार पाण्याला दाद देत नाही, वर तरंगत राहतो. उकळतं पाणी पडलं की त्याचा वासही सुटतो आणि तो मिळूनही येतो. ९० ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. गुळात खडा असतोच.

आता जाड बुडाची कढई आणि मंद आच. नाचणीचं मिश्रण सतत ढवळायचं. पाच-सात मिनिटं काहीच होत नाही, हात कंटाळतो. मग अचानक तळाशी जडपणा लागतो आणि दोन मिनिटांत सगळं दाटतं. इथे घाई केली तर नाचणी कच्ची राहते आणि जिभेला पिठूळ लागते. रंग मातकट असतो तोवर ती कच्ची. तो गडद होऊन चकाकी आली की शिजली. मग कोको, मग गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये, त्याने कोकोचा कडूपणा खाली बसतो आणि कमी गूळही पुरतो. सगळ्यात शेवटी घट्ट रस. तो घातल्यावर उकळी आणायची नाही. नारळाच्या रसातली प्रथिनं जोराच्या उष्णतेने आखडतात, मग तेल वेगळं सुटतं. माझा रस दुसऱ्या वेळी फाटला तो यामुळेच. मिश्रण कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागलं की वरून जायफळ किसायचं आणि तेलाचा हात फिरवलेल्या ताटात ओतायचं. अजून थोडं आटवू म्हणून थांबलं की वड्या रबरी होतात. गार झाल्यावर बारा वड्या पडतात. वाटीतून चमच्याने खायचं असेल तर पीठ ५० ग्रॅमच घ्यावं, तिझनासारखं मऊ लागतं.

एक गोष्ट पिठाची. बाजारात नाचणीचं सत्त्व मिळतं, किंवा नाचणी वाटून, गाळून, निवळून घरी काढता येतं. त्याने वडी रेशमासारखी होते. पण नाचणीचं मोठेपण तिच्या कॅल्शियममध्ये, शंभर ग्रॅममागे साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. ते बरंचसं सालीकडच्या भागात असतं आणि गाळलेल्या चोथ्याबरोबर निघून जातं. दूध न पिणाऱ्या मुलासाठी करायचं तर थोडा खरखरीतपणा सोसून अख्ख्या नाचणीचं पीठच घ्यावं. मोड आणून वाळवून दळलं तर अधिक चांगलं. मोड आल्याने कॅल्शियम अडवून धरणारी फायटेट कमी होतात.

मानवेल तेवढं

‘आरोग्यदायी गोड’ हे शब्द वापरताना मला जपून राहायचं आहे. गूळ ही साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात, चव खोल असते, पण मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात तो साखरेसारखाच उतरतो. नारळाच्या रसातला स्निग्धांश बहुतांश संपृक्त आहे. कोकोत फ्लॅव्हेनॉल असतात, रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणाला त्यांची मदत होते. मात्र अल्कली लावून गडद केलेल्या पावडरीत ती बरीच घटतात. म्हणून डब्यावर अल्कलीचा उल्लेख नसलेली, फिकट तपकिरी साधी पावडर निवडावी. तरी एवढ्यावरून चॉकलेटला औषध म्हणू नये. अमेरिकेत वीस हजारांहून जास्त माणसांवर झालेल्या कॉसमॉस चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथे दिला होता तो कोकोचा अर्क, आणि त्यानेही हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना एकूणात ठळकपणे कमी झाल्या नाहीत.

मग या वडीत चांगलं काय? एका वडीत साडेसात ग्रॅम गूळ आहे, आणि तो मी मोजून घातला आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. त्या हिशेबात एक वडी मावते, चार मावत नाहीत. गोडाचं माप घरी आपल्या हातात असतं. आणि ही वडी पोटाला लागते. नाचणी आणि नारळ आहे म्हणून एकीवर मन भरतं.

विकतचं आणायचं तेव्हा लेबल वाचायलाच हवं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध येतं. ‘एगलेस’ म्हणजे अंडं नाही एवढंच. २०२२ पासून आपल्याकडे व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आलं आहे. काळं, कडू चॉकलेटही दुधाच्या चॉकलेटच्याच यंत्रावर झालेलं असू शकतं, म्हणून ॲलर्जीच्या माणसाने घटकांच्या यादीखालची ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही ओळ शोधावी. कोको पावडरीच्या डब्यावरसुद्धा. आणि मुलाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही नवा जिन्नस देऊ नये. आम्हीही विचारलं.

उत्तर

गेल्या रविवारी भाची मुलाला घेऊन आली. ताटात वड्या मांडल्या होत्या. त्याने वास घेतला, हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला. ‘‘आजी, यात काय आहे?’’

मी त्याला जवळ बसवलं. नाचणी आहे, म्हटलं, मोड आणून वाळवलेली. नारळ आहे, सकाळी तुझ्या आईने फोडला तो. गूळ, मीठ, जायफळ. आणि कोको. त्याचं फळ फणसासारखं खोडाला लागतं. एका काकूंनी ते दगडावर फोडलं, बिया केळीच्या पानात झाकून ठेवल्या, कढईत भाजल्या, सुपात पाखडल्या. येताना त्यांनी घरच्या वाटलेल्या कोकोची एक वडी मला बांधून दिली होती, ती यात किसून घातली आहे.

‘‘आणि दूध?’’

‘‘नाही.’’

‘‘अजिबात?’’

‘‘अजिबात. मी पहिल्यापासून बघितलंय.’’

त्याने एक वडी उचलली, एका बाजूने कुरतडली आणि मग अख्खी तोंडात टाकली. दुसरीकडे हात जाण्याआधी त्याने मला पुन्हा विचारलं, पण या वेळी प्रश्न वेगळा होता. ‘‘आजी, ते झाड मला दाखवशील?’’